बातमीत 'अधीक्षक निलंबित' वाचतो आपण, पण अधीक्षक घडवतं कोण?

दर काही महिन्यांनी एक बातमी येतेच. कुठल्यातरी बालगृहातून मुलं पळाली, कुठं मुलांना मारहाण झाली, कुठं त्याहून भयंकर काही. मग दोन दिवसांनी ठरलेली ओळ येते, अधीक्षक निलंबित, चौकशी समिती नेमली. आणि तिथं बातमी संपते, पुढं काय झालं कुणी विचारत नाही.

मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. त्या खुर्चीत बसायच्या आधी त्या माणसाला कुणी काही शिकवलं होतं का? कायद्याची कलमं म्हणत नाहीये मी. पन्नास दुखावलेली मुलं आणि दहा-बारा थकलेले कर्मचारी यांना सांभाळायचं कसं, हे शिकवलं होतं का?

मी स्वतः एका बालगृहात चार वर्षं दर शनिवारी मुलांना गणित शिकवायला जायचे. गाव आणि संस्था सांगत नाही. त्या चार वर्षांत तिथं तीन अधीक्षक झाले. पहिल्यांकडे आणखी एका संस्थेचा अतिरिक्त कार्यभार होता, ते आठवड्यातून दोनदा यायचे, सह्या करायचे आणि जायचे. माणूस वाईट अजिबात नव्हता, मुलांची नावं मात्र त्यांना माहीत नव्हती. दुसऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याबद्दल पुढं सांगते, कारण हा लेख खरं तर त्यांच्यामुळंच लिहितेय.

आधी ही सगळी साखळी समजून घेऊ

आपल्याकडं मुलांच्या संरक्षणाचा मुख्य कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय कायदा, तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात मुलांचे दोन गट धरलेत. एक, ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं. दुसरा, ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, म्हणजे हरवलेली, घरातून निघून आलेली, आईवडील नसलेली, घरातच छळ झालेली मुलं. आज मी या दुसऱ्या गटाबद्दलच बोलतेय.

असं मूल पोलिसांना सापडलं किंवा कुणी १०९८ ला फोन केला, तर त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि पाचांच्या या खंडपीठाला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल घरी जाणार, नातेवाइकांकडं जाणार की बालगृहात राहणार, हे समिती ठरवते. बालगृहात आलं की त्याची गृहचौकशी होते, म्हणजे परिविक्षा अधिकारी किंवा समाजसेवक त्याच्या घरची परिस्थिती बघून अहवाल देतो, आणि त्या मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार होतो, शाळा कुठली, उपचार काय, घरी कधी आणि कसं पाठवायचं वगैरे.

या सगळ्या कागदांना जीव आणणारं माणूस म्हणजे अधीक्षक. समिती आदेश देते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष देखरेख ठेवतो, पण मुलाला रात्री दोन वाजता ताप आला किंवा दोन पोरांची डोकी फुटली की उठून जायचं कुणी, तर अधीक्षकाने.

अधीक्षकाचा एक दिवस

सकाळी गॅस संपलाय, किराणावाल्याचं बिल तीन महिने थकलंय म्हणून तो तूर डाळ द्यायला तयार नाही. दोन मुलांचं आधार कार्ड नाही म्हणून शाळा प्रवेश अडवतेय. एकाला घेऊन समितीसमोर जायचंय, एकाला सिव्हिलमध्ये दाखवायचंय, गाडी एकच. गेटवर एक आजी रडत बसलीय, नातवाला भेटायचंय पण भेटीचा दिवस नाही. दुपारी जिल्ह्यावरून फोन, माहिती आजच्या आज मेल करा. त्यात एक काळजीवाहक न सांगता गैरहजर. आणि तपासणी समिती कधीही येऊ शकते, कायद्यानं तिनं किमान तीन महिन्यांतून एकदा यायचंच असतं.

या पदावर माणूस येतो कसा? कुणी ज्येष्ठतेनं बढती मिळून, कुणी कंत्राटी मानधनावर, कुणी चांगला समाजसेवक होता म्हणून त्यालाच बसवलं. हा शेवटचा प्रकार फार कॉमन आहे आणि वरवर बघता बरोबरच वाटतो. पण मुलाशी उत्तम बोलता येणं वेगळं आणि मुलाशी उत्तम बोलणारी दहा माणसं तयार करणं वेगळं.

हॉस्पिटलचा वॉर्ड आठवून बघा. डॉक्टर राउंडला येऊन दहा मिनिटांत जातात, वॉर्ड खऱ्या अर्थानं चालतो तो इनचार्ज सिस्टरवर. नवीन सिस्टर सलाइन लावताना घाबरली तर शेजारी कोण उभं राहतं, कुठला पेशंट गप्प झालाय हे कुणाच्या आधी लक्षात येतं, रात्रपाळीला काय सांगून जायचं हे कोण ठरवतं? इनचार्ज सिस्टर ढिली असेल तर चांगल्या नर्सेसही महिन्याभरात ढिल्या पडतात, हे ज्यांनी आपलं माणूस ॲडमिट केलंय त्यांना सांगायला नको. बालगृहातला अधीक्षक म्हणजे तीच इनचार्ज सिस्टर, फरक इतकाच की इथं पेशंट लहान आहेत, दुखणं दिसत नाही आणि भेटायला नातेवाईक येतीलच असं नाही.

नेतृत्व विकास म्हणजे भाषणं नकोत मला

'नेतृत्व विकास' म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेलचा हॉल, प्रोजेक्टर, फोल्डर आणि दुपारचं जेवण येतं. या क्षेत्रात त्याचा गाभा वेगळा आहे आणि त्याला जगभर एक शब्द वापरतात, सुपरव्हिजन. म्हणजे काय, तर वरिष्ठानं आपल्या माणसासोबत ठरलेल्या वेळी बसून प्रत्येक मुलाबद्दल बोलणं, काय दिसलं, काय समजलं नाही, तुला स्वतःला कसं वाटतंय, पुढं काय करू. चुका पकडायला बसायचं नाही, सोबत विचार करायला बसायचं. बास, एवढंच. ऐकायला सोपं आहे, करायला प्रचंड अवघड.

त्या दुसऱ्या मॅडमनी आल्यावर एक गोष्ट सुरू केली. दर शुक्रवारी पाच ते सहा, मुलं मैदानावर असताना, काळजीवाहक, समुपदेशक आणि स्वयंपाकघरातली एक बाई असे सगळे ऑफिसात बसायचे. मुलं काळजीवाहक बायकांना मावशीच म्हणतात. मी एकदा शनिवारऐवजी शुक्रवारी गेले होते म्हणून मला बसायला मिळालं. एक मावशी जाम चिडलेल्या होत्या. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा रोज चपात्या चोरून उशीच्या अभ्र्यात ठेवतो, मुंग्या होतात, बाकीची पोरं त्याला चिडवतात, किती वेळा ओरडले तरी ऐकत नाही, आता शिक्षा कराच.

मॅडमनी शिक्षेचं हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, किती चपात्या असतात? मावशी म्हणाल्या, दोन. सकाळी किती उरतात? मावशी थांबल्या. म्हणाल्या, कधी एक असते, कधी अर्धी. म्हणजे रात्रीत तो खातो. मग स्वयंपाकघरातल्या बाईनं आपणहून सांगितलं की किचनला सात वाजता कुलूप लागतं. समुपदेशक म्हणाले, हा स्टेशनवर राहायचा, तिथं याला खायला मिळायचं तेच रात्री शेवटची गाडी गेल्यावर. बघता बघता अख्ख्या खोलीला कळलं की पोरगा चोर नाहीये, त्याला रात्री भूक लागते आणि उद्या मिळेल यावर त्याचा विश्वास नाहीये. ठरलं असं की किचनबाहेरच्या कट्ट्यावर रात्री एक डबा ठेवायचा, चपाती आणि शेंगदाण्याचा लाडू, ज्याला भूक लागेल त्यानं घ्यायचा, विचारायचं नाही. काही आठवड्यांत अभ्रा रिकामा राहायला लागला.

आता यात मॅडमनी केलं काय? उत्तर त्यांनी दिलंच नाही. माहिती सगळी खोलीत होती, तीन वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात, फक्त ती एकत्र यायला एक तास आणि ती विचारणारं एक माणूस लागलं. आणि चिडलेल्या मावशींना कमीपणाही आला नाही, डबा भरायचं काम त्यांनीच मागून घेतलं. मी जेव्हा नेतृत्व म्हणते तेव्हा मला हे अभिप्रेत आहे.

हे नसलं की काय होतं: लंडनची गोष्ट

व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये मरण पावली. आयव्हरी कोस्टमधून तिला चांगल्या शिक्षणासाठी म्हणून आणलेल्या नात्यातल्या बाईनं आणि तिच्या जोडीदारानं तिचा छळ करून जीव घेतला. तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. आणि ही मुलगी कुणाला दिसली नव्हती असं नाही, चार भागांची समाजसेवा खाती, पोलीस, दोन हॉस्पिटलं, सगळ्यांशी तिचा संबंध आला होता. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालानं जानेवारी २००३ मध्ये दाखवून दिलं की तिला वाचवायच्या किमान १२ संधी हुकल्या.

हे इथं सांगायचं कारण असं की लॅमिंग यांनी सगळा ठपका तिची केस हाताळणाऱ्या तरुण समाजसेविकेवर ठेवून विषय संपवला नाही. तिच्याकडं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त केसेस होत्या, अनुभव कमी होता, आणि तिच्यासोबत बसून विचार करणारं वरिष्ठ माणूस जवळजवळ नव्हतंच. त्यांनी साहेब लोकांना स्पष्ट धारेवर धरलं, की खाली काय चाललंय हे मला माहीत नव्हतं हे उत्तर चालणार नाही. १०८ शिफारशी झाल्या, कायदा बदलला, फॉर्म वाढले, नियमावल्या जाडजूड झाल्या. तरी २००७ मध्ये, व्हिक्टोरिया लंडनच्या ज्या हॅरिंगे भागात राहायची त्याच भागात, पीटर नावाचं १७ महिन्यांचं बाळ तसंच गेलं.

मग २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर प्रत्येक दुर्घटनेनंतर आपण एक नवीन फॉर्म आणतो, त्यानं कर्मचारी फॉर्म भरण्यात हुशार होतो आणि मुलाकडं बघायला त्याच्याकडं वेळच उरत नाही. आपल्याकडची रजिस्टरं मोजा एकदा कुठल्याही बालगृहात, तंतोतंत पटेल.

माणसं टिकत नाहीत, त्याचा मुलांवर परिणाम

अमेरिकेत मिलवॉकी शहरात २००५ च्या सुमारास एक अभ्यास झाला होता. सरकारी देखभालीत आलेल्या मुलांपैकी ज्यांचा समाजसेवक शेवटपर्यंत एकच राहिला, त्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं, म्हणजे स्वतःच्या घरी परत किंवा दत्तक. समाजसेवक एकदा बदलला, म्हणजे दोन झाले, की तेच प्रमाण १७.५ टक्क्यांवर आलं. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ज्यांची केस मुळातच किचकट असते ती लांबते आणि लांबली की माणसं बदलतातच, त्यामुळं सगळा दोष बदलीचा नाही. पण मुलाच्या बाजूनं विचार करा. आपली गोष्ट एकदा सांगितली, तो गेला, परत नव्याला सांगितली, तोही गेला. तिसऱ्याला मूल काय सांगणार?

आणि माणसं जातात का? पगार हे कारण आहेच. पण हे काम करणाऱ्यांना एक वेगळा ताण येतो, रोज दुसऱ्याची दुःखं ऐकून ऐकून आपल्यालाच झोप न लागणं, चिडचिड होणं, नाहीतर एकदम कोरडं पडणं. घरी सांगता येत नाही, सांगितलं तर म्हणतात सोड ती नोकरी. अशा वेळी वरिष्ठानं नुसतं विचारलं की कालच्या त्या मुलीचं ऐकून तुम्हाला त्रास झाला ना, तरी माणूस तग धरतो. अमेरिकेत म्हणूनच २००८ पासून बालकल्याण क्षेत्रातल्या सुपरवायझर आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांसाठी खास लीडरशिप अकादमी चालवल्या गेल्या, त्यांनी सगळ्यात वरचा साहेब धरला नाही, मधला माणूस धरला.

'आधी पगार द्या, जागा भरा, मग ट्रेनिंगच्या गप्पा मारा'

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि यात मोठं तथ्य आहे. दोन माणसांचं काम एकट्यानं करणाऱ्याला कुठलंही प्रशिक्षण पुरणार नाही. अतिरिक्त कार्यभार ही तर या क्षेत्राला लागलेली कीड आहे असं माझं स्पष्ट मत आहे, एका माणसाला दोन बालगृहं देणं म्हणजे दोन्हींना अर्धा अधीक्षक देणं. त्यामुळं जागा भरा ही मागणी पहिली. पण जागा भरल्या आणि शुक्रवारचा तो एक तास नसला तर नवीन माणसंही वर्षभरात तशीच होतात, म्हणून दोन्ही एकत्रच मागायला हवं.

'कॅमेरे लावा ना सगळीकडं'

लावा, माझा विरोध नाही. पण कॅमेऱ्यात मारहाण दिसते, भीती दिसत नाही. मुझफ्फरपूर आठवत असेल. बिहारमधल्या त्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार होताहेत हे बाहेर आलं २०१८ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या म्हणजे टिसच्या 'कोशिश' गटानं राज्यातल्या निवारागृहांचं सोशल ऑडिट केलं तेव्हा. ही माणसं मुलींशी बोलली. पुढं २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं, आणि त्यात जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता. ज्यांनी राखण करायची तेच. मुलांशी बोलायची सवय आणि त्यांचं खरं मानायची तयारी कॅमेऱ्यात बसवता येत नाही, ती माणसातच यावी लागते.

'पण धाक नको का थोडा?'

शिस्त हवीच. जेवणाची वेळ, अभ्यासाची वेळ, झोपायची वेळ पक्की असली की अशा मुलांना उलट बरं वाटतं, कारण त्यांच्या आयुष्यात आजवर काहीच पक्कं नव्हतं. मारणं मात्र कायद्यानंच बंद आहे, संस्थेत शारीरिक शिक्षा केली तर दंड आहे, नोकरी जाऊ शकते, आणि क्रूरपणे वागवलं तर संस्थेतल्या माणसाला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मारू नका एवढं सांगून मावशी रिकाम्या हाती उरतात. मारायचं नाही तर करायचं काय, हे रात्री आठ वाजता कुणी शिकवायचं? पुन्हा अधीक्षकानंच, आणि त्याला कुणी दाखवलेलं असेल तरच.

मग शिकवायचं कसं?

कायद्यात सोय अजिबात नाही असं नाही. बालकल्याण समितीच्या सदस्यांना नेमणुकीनंतर दोन महिन्यांत प्रशिक्षण द्या असं कायदाच सांगतो. दिल्लीची निपसिड (२०२५ पासून तिचं नाव सावित्रीबाई फुले राष्ट्रीय महिला व बालविकास संस्था) ही केंद्राची संस्था १९६६ पासून या कामात आहे. आणि देशातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज तर आपल्या मुंबईत निघालं, १९३६ मध्ये, त्याचीच पुढं टिस झाली, आणि १०९८ ची हेल्पलाइनही १९९६ मध्ये तिथूनच मुंबईत उभी राहिली. म्हणजे परंपरा आहे, अभिमान वाटावा अशी. कमी आहे ती अशी की आपण मुलाची केस कशी हाताळायची हे शिकवलं आणि केस हाताळणाऱ्याला कसं सांभाळायचं हे ज्याचं त्यानं शिकावं म्हणून सोडून दिलं.

माझ्या मते तीन दिवसांची कार्यशाळा घेऊन हे येत नाही. पोहायला पुस्तकातून शिकता येत नाही तसंच आहे हे. नवीन अधीक्षकाला पहिला एक महिना दुसऱ्या चांगल्या बालगृहात जुन्या अधीक्षकाच्या सोबत राहू द्या, रात्रपाळीसकट. आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांतल्या अधीक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसू द्या, अजेंडा एकच, प्रत्येकानं आपली एक अडलेली केस आणायची. रोजच्या झूम मीटिंगा आणि माहिती मागवणारे फोन कमी करून तो वेळ याला दिला तर वेगळा निधीही फारसा लागणार नाही. आणि अधीक्षकाचं मूल्यमापन करताना रजिस्टर पूर्ण आहेत का याच्या आधी विचारा, वर्षभरात किती काळजीवाहक सोडून गेले?

अजून एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे मुलं स्वतः. सहा वर्षांवरची मुलं असलेल्या प्रत्येक संस्थेत बालसमित्या स्थापन व्हायला अधीक्षकानं मदत करायची असं कायद्यात लिहिलंय, मुलांनी जेवण, खेळ, तक्रारी यावर बोलायचं. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच्या तक्त्यापुरती असते. आणि अठरा पूर्ण करून बाहेर पडलेली मुलं, ज्यांना आता केअर लीव्हर म्हणतात, त्यांना या घरांची आतून माहिती आहे, कुठली खिडकी थंडीत वारा आत सोडते इथपासून कुठल्या माणसाला बघून मुलं गप्प होतात इथपर्यंत. प्रशिक्षण द्यायला अधिकारी बोलावतो आपण, तिथं यांना बोलावलं तर?

त्या मॅडमची पुढं बदली झाली, दीड वर्षातच. तिसरे साहेब आले, तरुण होते, पहिलीच नेमणूक. रुजू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी कट्ट्यावरचा डबा बघितला आणि विचारलं, हे कशाला, शिल्लक कुठं दाखवता? मी तिथंच वही तपासत होते. मावशींनी, ज्या त्या दिवशी शिक्षा करा म्हणत होत्या त्यांनीच, पदराला हात पुसत पुसत त्यांना त्या पोराची सगळी गोष्ट सांगितली, अभ्रा, मुंग्या, शेवटची गाडी, सगळं. साहेब थोडा वेळ डब्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, बरं, राहू दे. आणि मावशी, तुम्ही सगळे शुक्रवारी किती वाजता बसायचात?